यंदाचं एक व्याख्यान गावच्या पांढरीवर ठेवा

गोदावरी, प्रवरा, घोड आणि भीमेच्या काठच्या ग्रामपंचायतींना, सार्वजनिक वाचनालयांना आणि व्याख्यानमालांच्या समित्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाचं वाचनालयसुद्धा वर्षाकाठी दोन-तीन व्याख्यानं घडवून आणतं, आणि लोक सतरंजीवर मांडी घालून तासभर ऐकतात. त्यात इतिहासाचं एक व्याख्यान ठरलेलं असतं. ते बहुतेक गडकिल्ल्यांवर असतं किंवा एखाद्या लढाईवर. ती व्हावीतच. पण यंदा एक व्याख्यान आपल्या गावच्या पांढरीबद्दल, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेबद्दल ठेवा, आणि ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी ठेवा, एवढी विनंती करायला हे पत्र लिहीत आहोत.

काळी पिकाची आणि पांढरी वस्तीची, हे गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पांढरीचा रंग उजळ का, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. मातीची घरं पडतात, त्याच जागी नवी उठतात. चुलीतली राख, शेण, हाडं, चुना, फुटकी मडकी सगळं तिथंच साचत जातं. असं शेकडो वर्षं चाललं की जमिनीपासून पुरुषभर, कधी त्याहून उंच टेकाड तयार होतं. वस्ती उठून गेली तरी टेकाड राहतं. महसुली दप्तरात अशा उठलेल्या गावांची ‘बेचिराख’ म्हणून नोंद सापडते. शेताच्या नावांतही खूण असते: जुनं गाव, गढी, पांढरीचा मळा.

या मातीत राख आणि हाडं असल्यानं ती पिकाला मानवते, आणि चिकटपणामुळे धाब्याच्या छपरावर पाणी धरू देत नाही. म्हणून ती पूर्वीपासून नेली जाते. पाटीनं नेली जायची तोवर टेकाडं टिकली. ट्रॅक्टर आणि जेसीबी आल्यावर हिशेब पार बदलला. हा हिशेब व्याख्यानात फळ्यावर मांडून दाखवावा. उत्खननात समजा ५ मीटर बाय ५ मीटरचा चौकोन आखला आणि १० सेंटिमीटर खाली गेलं, तर निघणारी माती २.५ घनमीटर, म्हणजे साधारण ८८ घनफूट भरते. ब्रासच्या (१०० घनफुटांच्या) भाषेत एक ब्रासही नाही. एवढ्या मातीसाठी उत्खननात कित्येक दिवस जातात, कारण ती खुरप्यानं आणि ब्रशानं उतरवायची, चाळायची, आणि प्रत्येक खापर कुठल्या थरात निघालं ते लिहून ठेवायचं असतं. जेसीबीच्या पुढच्या मोठ्या बकेटला तेवढी माती दोन-तीन खेपांची. रात्रीत शंभर ब्रास माती गेली, असं लोक सहज बोलतात. त्या एका रात्रीत किती थर गेले, हे एकदा आकड्यांत पाहिलं की सभागृह गप्प होतं.

थर म्हणजे काय, हेही गावाजवळचंच उदाहरण घेऊन सांगता येतं. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ साली उत्खनन झालं आणि तिथं सापडलेल्या भांड्यांवरून एका अख्ख्या संस्कृतीला ‘जोर्वे’ हे नाव पडलं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत काम केलं. इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती थराथरानं मोकळी झाली. आधीच्या थरांत चौकोनी, ऐसपैस घरं होती. शेवटच्या तीनशे वर्षांत, इ.स.पूर्व १००० नंतर, त्याच जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. पाऊस कमी झाला आणि माणसं ओढग्रस्तीला लागली, असं उत्खनकांनी त्यावरून मांडलं. आता ध्यानात घ्या, हे शेवटचं प्रकरण टेकाडाच्या माथ्याला असतं. वरची दोन फूट माती खत म्हणून गेली की नेमका दुष्काळाचा इतिहास जातो. आपल्या अवर्षणग्रस्त तालुक्यांना तोच सगळ्यात जवळचा.

आणखी एक गोष्ट इनामगावची सांगायलाच हवी, कारण ती माती उचलताना आपल्याकडे कुणाच्याही समोर येऊ शकते. त्या काळी लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आडवी, घराच्या जमिनीखाली पुरत. आत मुलाची हाडं आणि सोबत एखादी वाटी, एखादं तोटीचं भांडं असे. माती काढताना अशी जोडमडकी दिसली की धनाचा हंडा समजून ती फोडली जातात. आत सोनं नसतं. तीन हजार वर्षांपूर्वी एका घरानं आपल्या तान्ह्याला घराबाहेर जाऊ दिलं नाही, त्याची ती खूण असते. जोडमडक्यांचं चित्र व्याख्यानात पडद्यावर दाखवा आणि दोन मिनिटं तसंच राहू द्या. ट्रॅक्टर चालवणारी पोरं त्या दिवशी सभेत असली पाहिजेत. त्यांना स्वतः जाऊन आमंत्रण द्या.

गुप्तधनाचा विषय टाळू नका. वक्ता टाळतो, कारण त्याला तो कमी दर्जाचा वाटतो. पण श्रोत्यांच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो, आणि उत्तर मिळालं नाही तर व्याख्यानानंतर आठवड्यात टेकाडावर खड्डे पडलेले दिसतात. म्हणून सरळ सांगावं: पांढरीत सापडतात ती खापरं, मणी, बांगड्यांचे तुकडे, जळालेलं धान्य, जनावरांची हाडं. बाजारात यांना किंमत नाही. अभ्यासाला आहे, तीही जागच्या जागी असतील तरच. याच कारणानं व्याख्यानात टेकाडाचा नकाशा, जीपीएसचे आकडे पडद्यावर दाखवू नयेत, आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत. गावाला आपली पांढरी माहीत असतेच. बाहेरच्या धनशोध्यांना ती कळायची गरज नाही.

जागच्या जागी असणं म्हणजे काय, ते दायमाबादनं कायमचं शिकवलं आहे. प्रवरेच्या काठच्या या गावी १९७४ साली एका शेतकऱ्याला काशाच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस. चौघांचं मिळून वजन ६० किलोहून अधिक. इतक्या देखण्या धातुमूर्ती त्या काळच्या भारतात विरळाच. पण त्या थरांची नोंद ठेवून केलेल्या उत्खननात निघालेल्या नाहीत. म्हणून त्या नेमक्या कुठल्या काळच्या, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. त्यांच्या बाजूची चार खापरं जागेवर असती तर एवढा वाद राहिला नसता.

आता तयारीचं. दिवाळीनंतर पाहणी करा. पावसानं टेकाडाच्या उताराची माती धुतलेली असते आणि खापरं उघडी पडलेली असतात. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असतो, तोच धरला तर शाळेलाही सोबत घेता येतं. तलाठ्याकडून गट नंबर आणि सातबारा पाहून घ्या. ज्यांचं शेत आहे त्यांच्या घरी जाऊन आधी परवानगी विचारा. ही पायरी गाळली की पुढचं सगळं फसतं. ‘सरकार जमीन घेणार’ ही अफवा एका दिवसात पसरते, आणि मालक रातोरात टेकाड सपाट करून मोकळा होतो. त्याला खरी परिस्थिती सांगा. नुसती नोंद केल्यानं सातबारा बदलत नाही. बांधकामाला १०० मीटरपर्यंत मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी हा नियम केंद्र-संरक्षित स्मारकांना आहे. एखादी जागा अशी संरक्षित करायची तर १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यानुसार आधी दोन महिन्यांची जाहीर सूचना द्यावी लागते आणि तेवढ्या मुदतीत हरकत घेता येते. हे व्याख्यानातही वक्त्यानं स्वतःहून सांगावं, कारण मालक पहिल्या रांगेत बसलेला असतो.

पाहणीत काहीही उचलू नका, उकरू नका. फोटो काढा. प्रत्येक फोटोत पट्टी ठेवा. शाळेतली १५ सेंटिमीटरची चालते. कुणी आधीच माती नेल्यानं टेकाडाला उभा काप पडला असेल तर त्याचे फोटो समोरून, दुपारी चारनंतरच्या तिरप्या उन्हात घ्या. राखेचा करडा पट्टा, सारवलेल्या जमिनीची पातळ रेघ, भाजलेल्या मातीचा तांबूस डाग असे थर त्यात ओळीनं दिसतात. गावातल्या माणसाला स्वतःच्या शेतातला हा फोटो जेवढं पटवतो, तेवढा हडप्पाचा पटवत नाही.

वक्ता बोलावताना त्याला ही पाहणी निदान तीन आठवडे आधी पाठवा. डेक्कन कॉलेज किंवा आपल्या विद्यापीठाचा पुरातत्त्व विषयाचा शिक्षक, संशोधक विद्यार्थी, राज्य पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयातला अधिकारी यांपैकी कुणीही चालेल. पण त्यानं व्याख्यानाच्या दिवशी दुपारीच येऊन टेकाड पाहिलं पाहिजे, ही अट ठेवा. बोलणं ४० मिनिटांचं, चित्रं २० ते २५, पुढचा अर्धा तास प्रश्नांना. साठ-सत्तर चित्रं आणणारा वक्ता शेवटची तीस पळवतो आणि लोकांच्या हाती काही लागत नाही. वीज गेली तर काय, याची सोय आधीच करून ठेवा. बायकांना संध्याकाळी सातची वेळ स्वयंपाकामुळे जमत नाही. त्यांच्यासाठी दुपारी तीनला तेच व्याख्यान पुन्हा ठेवणं हा खर्च नव्हे. चूल, मडकी, जाती, पाटे-वरवंटे यांबद्दलचे नेमके प्रश्न तिथूनच येतात.

व्याख्यानाला खापरं हातात द्यावीत. वक्त्यानं अभ्याससंग्रहातली आणावीत, टेकाडावरची उचलून नव्हे. जोर्वे भांड्याचं खापर तांबूस-नारिंगी असतं, वर काळ्या रेघांची नक्षी असते, आणि भाजणी इतकी पक्की की नखानं वाजवलं तर धातूसारखा टणत्कार येतो. शेजारी आजच्या मडक्याचं खापर वाजवून दाखवा. फरक कानाला लगेच कळतो. सातवाहन काळची काळी-तांबडी वाटी आतून काळी, बाहेरून तांबडी असते. त्या काळची वीट आजच्या विटेच्या दुपटीच्या आसपास लांब भरते. बांगडीचा तुकडा शंखाचा की काचेचा, हे उजेडात धरलं की समजतं. गारगोटीच्या जातीच्या दगडाची बोटाच्या पेराएवढी पाती मिळतात, त्यांच्या धारेनं कागद कापून दाखवता येतो. एकदा हातात खेळलेलं खापर माणूस नांगरताना ओळखतो.

काळ सांगताना वक्त्यावर दबाव येतो. प्रत्येक गावाला आपलं देऊळ ‘पांडवकालीन’ हवं असतं आणि दगडी असेल तर ‘हेमाडपंती’. पांडवकालीन हा काळ नव्हे, ती श्रद्धा आहे. तिचा मान राखावा, पण फलकावर लिहू नये. हेमाद्रिपंत हे तेराव्या शतकातले यादवांचे मंत्री, आणि हेमाडपंती म्हणवली जाणारी कितीतरी देवळं त्यांच्या आधीची आहेत. अंबरनाथचं शिवालय घ्या. तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०. हेमाद्रिपंतांच्या दोनशे वर्षं आधीचं. काळ ठरत नसेल तर ‘यादवकाळ किंवा थोडा आधी’ एवढं मोघम म्हणणारा वक्ता खरा, हे समितीनं सूत्रसंचालनातच सांगून टाकावं.

देवळाच्या आवारातल्या, पारावरच्या दगडांसाठी व्याख्यानानंतर अर्धा तास राखून ठेवा. अंधार पडल्यावर सगळ्यांना पाराकडे न्या आणि मोबाइलची बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून, बाजूनं, तिरपी लावा. दिवसा सपाट वाटणाऱ्या दगडावर घोडा, ढाल, तलवार उठून येतात. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, खालून वर वाचायचा: तळाच्या चौकटीत लढाई, बहुधा गाईगुरं सोडवतानाची, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर त्याची कीर्ती. काटकोनात वळलेला बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. गाढवाचं चित्र असेल तर तो गधेगळ, दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी. अशा दगडावर लेख असण्याची शक्यता मोठी असते. अलिबागजवळच्या आक्षीचा मराठी शिलालेख, ज्याचा शक ९३४ असा वाचला गेला आहे, तो अशाच गधेगळावर आहे.

या दगडांचं नुकसान बहुतेक वेळा मायेपोटी होतं, म्हणून कारणासकट सांगावं लागतं. अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांत ऑइल पेंट भरला की रंगवणाऱ्याला वाटतील ती अक्षरं तयार होतात आणि मूळ वाचन बिघडतं. तारेच्या ब्रशानं कडा झिजतात. ॲसिडनं दगडाचा पृष्ठभाग सुटतो. लेख वाचायचा असेल तर ठसा घेतात: दगड साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशानं धुवायचा, ओला कागद त्यावर बसवायचा, ताठ केसांच्या ब्रशानं ठोकून तो अक्षरांच्या खोबणीत उतरवायचा, आणि अर्धवट सुकला की वरून शाईचा बोळा फिरवायचा. खोदलेली अक्षरं पांढरी राहतात, बाकी काळं. हे काम जाणकाराकडूनच करवून घ्या, पण गावासमोर करवून घ्या.

जीर्णोद्धाराचं सिमेंट हे दुसरं. चुन्याच्या दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, भिंतीतला ओलावा बाहेर पडतो. सिमेंटची दरज दगडापेक्षा घट्ट असते. मग पाणी दगडातूनच वाट काढतं, सोबतचे क्षार दगडाच्या अंगात साकळतात, आणि काही पावसाळ्यांत दरज शाबूत राहून दगडाचेच पापुद्रे निघतात. चुना आणि वाळू साधारण एकास तीन, थोडी सुरखी (विटांची पूड), आधी भिंत भिजवून घेणं, पातळ थर, आणि पुढे काही दिवस ओलं पोतं लावून सावकाश वाळू देणं, एवढं पाळलं तर दुरुस्ती टिकते. घाई झाली की चुन्याला तडे जातात आणि दोष चुन्यावर येतो.

शेतात नाणं सापडलं तर चिंचेनं, लिंबानं किंवा पितांबरीनं घासू नका. सातवाहनांची बरीच नाणी शिशाची आहेत. शिसं मऊ, दोनदा घासलं की अक्षरं गेली. लाकडी डबीतही ठेवू नका, लाकडातून येणाऱ्या आम्ल वाफेनं शिशावर पांढरी बुकटी चढते. कागदाच्या पाकिटात ठेवा, वर गट नंबर आणि तारीख लिहा. आणि कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. न कळवल्यास हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवणाऱ्याला मात्र कायद्यानं संरक्षण आहे: सरकारनं वस्तू ठेवून घ्यायची ठरवली तर धातूचं मोल आणि वर त्याचा पाचवा हिस्सा द्यायचा असतो. लोक फक्त शिक्षेचं ऐकून असतात. मोबदल्याचं सांगितलं तर कळवण्याचं प्रमाण वाढेल, अशी आमची खात्री आहे.

वाचनालयानं याच दिवशी एक नोंदवही सुरू करावी. तारीख, गट नंबर, काय दिसलं, फोटो, वस्तू आता कुठं आहे, एवढे रकाने पुरेत. वही कपाटात, किल्ली ग्रंथपालाकडे.

राहिली तारीख. माती उचलली जाते ती एप्रिल-मे महिन्यांत, रानं मोकळी आणि ट्रॅक्टर रिकामे असताना. १ मेच्या ग्रामसभेत ठराव केला तर तोवर अर्धं टेकाड गेलेलं असतं. म्हणून नोव्हेंबरात पाहणी, पौषात व्याख्यान, २६ जानेवारीला ठराव. खतासाठी माती लागते हे खरंच आहे. त्याच ठरावात तलावाचा गाळ आधी पांढरीलगतच्या शेतकऱ्यांना देण्याचं घाला, नाहीतर ठराव कागदावर राहील. मजकूर असा चालेल:

‘मौजे ______ येथील गट क्र. ______ मधील पांढरीचे टेकाड हे गावाच्या जुन्या वस्तीचे अवशेष आहेत. जमीनमालकाच्या संमतीने ग्रामसभा ठरवते की, या टेकाडाची माती कोणत्याही कामासाठी उचलली जाणार नाही, मा. तहसीलदार यांनी या गटातील मातीसाठी गौण खनिज परवाना देऊ नये. गाळ वाटपात लगतच्या शेतकऱ्यांना प्राधान्य द्यावे. आणि पुरातत्त्व विभागाने जागेची पाहणी करून नोंद घ्यावी.’

याच्या चार प्रती करा. एक तहसीलदारांना, एक तलाठ्यांना, एक पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयाला, पोच घेऊन. चौथी वाचनालयाच्या नोंदवहीत चिकटवा.

आपले,
पांढरीच्या मातीवर काम करणारे काही पुरातत्त्व अभ्यासक